गिरजाक्काची चौकट

रामनगरच्या बाजारात पंपाच्या जळक्या मोटारींना नव्या तारा गुंडाळून देणारा महाबळेश्वर. त्याला लोक ‘म्युझियम अण्णा’ म्हणत आणि त्यालाही ते आवडे. मोटारी हे त्याचं पोट, जीव मात्र जुन्या वस्तूंत. कुणाच्या माळ्यावर पितळी समई धूळ खात पडली आहे, कुणाच्या गोठ्यात कोरीव पाळण्याचा पाय खुंटी म्हणून ठोकला आहे, याची खबर त्याला पोस्टमनच्या आधी लागायची. घर असं भरलेलं की त्याची बायको रेश्मा म्हणे, “आमच्याकडं खुर्च्या लै हाईत, पर बसायची एक न्हाई. पावण्यानं उभ्यानंच च्या घ्यायचा.”

हौस खोटी नव्हती. लोक जुनी घरं पाडून स्लॅब घालत आणि कोरीव खांब चुलीत जात, ते त्याला बघवत नसे. कुणा सुतारानं कधीकाळी पटाशी कशी फिरवली असेल, हे तो बोटांनी चाचपून बघत बसे. एक खोड तेवढी वाईट. जुनी वस्तू हवी, पण ती जुनी दिसायला नको. हळद लागलेल्या नवरीसारखी झळकली पाहिजे.

त्या उन्हाळ्यात गुंद गावाहून सांगावा आला. तिथल्या म्हाताऱ्या गिरजाक्काचा मुलगा नागराज नवं घर बांधत होता आणि जुनी दाराची चौकट काढून ठेवली होती. महाबळेश्वर टेम्पो घेऊनच गेला. चौकट फणसाची, धुरानं काळी ठिक्कर. सुपा धरणात त्यांचं जुनं गाव बुडालं तेव्हा गिरजाक्काच्या नवऱ्यानं बाकी सगळं सोडलं होतं, पण ही चौकट भावकीच्या खांद्यावर घालून वर आणली होती.

गिरजाक्का पैसे घेईना.

“न्हे तू. हितं जळणात जाईल. पर नव्याला मी येतो हां, हात लावाय.”

“हात कसला, आक्का?”

“आमच्या घरची रीत. नवा तांदूळ आला की पिठात चुना कालवायचा आणि घरातल्या बायकांनी चौकटीवर पंजा उठवायचा. माज्या सासूचा हाय, माजा हाय. खाली केशरचा हाय. एकदाच लावलंय तिनं.”

केशर ही तिची मुलगी. धरणाच्या आधी, लहानपणीच तापानं गेलेली.

“आता दिसत न्हाई, काजळीखाली गेलाय,” म्हातारी म्हणाली. “पर हाय.”

महाबळेश्वर “व्हय, व्हय” म्हणत होता. त्याचा अर्धा कान म्हातारीकडे होता आणि दोन्ही डोळे काजळीतून डोकावणाऱ्या पाकळीवर.

घरी आणल्यावर दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तो चौकटीला बसू लागला. आधी सोड्याचं पाणी, मग पत्र्याची पट्टी, मग पॉलिशपेपर. वरचे पंजे एकावर एक चढून नुसता पांढरा लेप झाला होता. तो लेप खरवडताना त्याला काही वाटलं नाही. दोन्ही बाजूंच्या खांबांवर तळाशी एकेक कमळ निघालं. उजवं सुरेख, कडा न कडा शाबूत. डाव्यावरची काजळी सुटली आणि त्याचा हात थांबला.

कमळावर आडवा एक इवला पंजा होता. बोटं फाकलेली, अंगठा जरा घसरलेला. आईनं मनगट धरून दाबला असावा, पण पोरीनं हात मागं ओढला असावा.

गिरजाक्काचं सगळं बोलणं त्याला त्या क्षणी आठवलं. शब्द न् शब्द आठवला. उगाच खोटं कशाला सांगायचं, विसरला असता तर बरं झालं असतं. त्यानं उजवं कमळ पाहिलं, डावं पाहिलं. एक स्वच्छ, एक डागाळलेलं. जोड बिघडत होती. म्हातारीला कुठं दिसत होता हा हात, असं त्यानं मनाला समजावलं आणि पॉलिशपेपर उचलला. मग जवसाचं तेल पाजलं, वर पॉलिशचे हात दिले.

चौकट सोप्यात उभी राहिली. गणेशगुडीच्या एका लॉजचे मालक येऊन फोटो काढून गेले, “अण्णा, तुझ्या हातात जादू हाय,” म्हणाले. महाबळेश्वर हसला आणि त्या दिवशी जेवला नाही. पुढे पुढे तो मागच्या दारानंच घरात जाऊ लागला.

“एवढी हौसेनं आणलासा आणि तिकडं बगत बी न्हाईसा?” रेश्मा म्हणाली. तो चपला घालून दुकानाकडे निघाला.

भातं कापली गेली, मळणी झाली. एका दुपारी गिरजाक्का बसमधून उतरली. हातात फडक्यानं बांधलेली वाटी. महाबळेश्वरनं तिला सोप्यात घेतलं.

“आगा बया, केवढी उजळली!” म्हातारी चौकटीपुढे उभी राहिली. मग खाली वाकून डाव्या खांबाच्या तळाशी हात फिरवू लागली.

“आक्का, तितं वाळवी लागली हुती,” महाबळेश्वरच्या तोंडून निघून गेलं. “तासावं लागलं.”

“वाळवीला कोण काय करणार? तू वाचवलास हेच लै झालं,” म्हणत तिनं उलट त्याचीच समजूत घातली. मग वाटीतल्या चुना कालवलेल्या पिठात पंजा बुडवून खांबावर दाबला.

पॉलिश पिठाला धरू देईना. पंजा उठला आणि ओघळत खाली आला. तिनं पुन्हा दाबला, पुन्हा ओघळला. मग पदराचं टोक घेऊन ती घाईघाईनं पुसू लागली.

“तुजं पालिश खराब व्हईल रे.”

महाबळेश्वरला उभं राहवेना. तो तिच्या शेजारी खाली बसला.

“वाळवी नव्हती, आक्का. हात हुता. काजळी काढली तवा चांगला दिसला. केशरचा हाय हे मला कळलं हुतं, तरी मीच घासला. दोन्ही फुलं सारखी दिसावीत म्हणून.”

दारात रेश्मा चहा घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. गिरजाक्काचा पदर थांबला. ती शिव्या देईल तर बरं, असं त्याला वाटत होतं. तिनं वाकून त्या गुळगुळीत कमळावर पुन्हा हात ठेवला.

“तू बगितलास?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“मला आता आठवत न्हाई रे. केवढा हुता?”

महाबळेश्वरनं आपला पंजा तिच्यापुढे उघडा धरला. तळव्यावर एक बोट ठेवून तो जागा शोधू लागला.

“हितपर्यंत,” तो म्हणाला. “आंगठा जरा घसरला हुता.”

गिरजाक्कानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला आणि तेवढ्याच जागेकडे बघत राहिली.

“व्हय,” ती म्हणाली. “हात वडून घेतलं हुतं तिनं.”