दुकानातल्या एसीचा कौल

गेल्या आठवड्यापर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. इंदूरच्या बहिणीला नाही, शेजारच्या भांडीवाल्या गुप्ताजींना नाही – आणि गुप्ताजींना तर मी माझ्या पोटाच्या तक्रारीसुद्धा सांगतो. मग एका माणसाला सांगितली. आता तुम्हाला सांगतोय. जरा आडून आडून येईन, चालेल ना? सरळ बोलायची सवय असती तर सांगायला सात वर्षं लागली नसती.

आमचं दुकान उज्जैनला, फ्रीगंजात, टावर चौकामागच्या एका गल्लीत आहे. मराठी लग्नाला जे जे लागतं ते आमच्याकडे मिळतं – मुंडावळ्या, अंतरपाट, सोवळी, नऊवाऱ्या. दुकान माझ्या वडिलांनी काढलं. पण चालतं ते सुनंदामुळे, म्हणजे माझ्या बायकोमुळे. हे वाक्य मी किती सहज लिहिलं बघा. सात वर्षांपूर्वी लिहिलं नसतं.

नवरीमुलगी आली की सुनंदा तिला मागच्या पडद्याआड नेते आणि नऊवारी नेसवून दाखवते. त्या पाऊण तासात मुलगी, तिची आई, तिची मावशी, सगळ्या सुनंदाच्या होऊन जातात. हल्ली तर गुजराती-मारवाडी घरांतल्या मुलींनाही हळदीला नऊवारी हवी असते. त्या येतात आणि विचारतात, "आंटी हैं क्या?" मी समोर बसलेला असतो. मी हो म्हणतो.

आता लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे. माळव्याच्या रात्री थंड असतात म्हणून लोक फार कौतुक करतात. दुपारींबद्दल कुणी बोलत नाही. आणि नऊवारीचं एक आहे – निऱ्या घालताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर निरी हातात राहत नाही. कूलर लावावा तर त्याच्या ओल्या हवेने जरीचे काठ काळे पडतात. म्हणजे भर मे महिन्यात, पडद्याआड, बिनपंख्याच्या जागेत, सुनंदा गुडघ्यांवर बसून कुणाच्या तरी लेकीच्या निऱ्या सारख्या करत असते. बायका घरकाम आटोपून येणार, म्हणून येणार त्याही दुपारीच.

आणि मी? मी त्या वेळी घरी. दीड ते चार. जेवण, मग खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, कूलरसमोर वामकुक्षी. वडील तसंच करायचे, म्हणून मीही तसंच करायचो. वडिलांच्या किती रीती आपण निवडून निवडून पाळतो, नाही?

सात वर्षांपूर्वी एका सकाळी सुनंदा दुकानात म्हणाली, "अहो, आपण एसी लावून घेऊ. समोर काचेचं दार बसवू. पोरी पसीन्याने बेजार होतात, साड्यांना डाग पडतात." स्वतःबद्दल एक शब्द बोलली नाही, हे माझ्या आज लक्षात येतं. समोर दोन गिऱ्हाइकं होती आणि गुप्ताजी चहा प्यायला आले होते. ते म्हणाले, "भाभीजी सही कह रही हैं. दुकान तो इन्हीं से चलती है, आप तो बस गल्ले पे बैठते हो." गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो.

तेवढंच. त्याहून मोठं कारण शोधू नका. मी शोधून पाहिलंय. लोकांना मी सांगायचो की वडील चाळीस वर्षं पंख्याखाली बसले, की काचेचं दार बघून साधं गिऱ्हाईक आत यायला बिचकतं, की विजेचा लोड वाढवून मिळणार नाही. यातलं एकही कारण खरं नव्हतं. मला फक्त तिचं म्हणणं खरं होऊ द्यायचं नव्हतं. आधीच दुकान तिच्यामुळे चालतं म्हणतात, उद्या ते तिच्या मर्जीनेही चालायला लागलं तर मी उरलो कुठे – असं काहीतरी. लिहिताना किती फुसकं दिसतंय. तेव्हा ते मला छातीएवढं वाटत होतं.

सुनंदाने माझ्या एकेका कारणाला शांतपणे उत्तर दिलं. लोडची चौकशी ती आधीच करून आली होती. भिंतीचं मापसुद्धा घेतलं होतं. हरायला आलेला माणूस काय करतो? देवाला मध्ये घालतो. मी म्हटलं, "कौल लावू."

आमच्या घराण्याची ही रीत आहे. पूर्वज संस्थानच्या चाकरीला इकडे आले तेव्हापासूनची, असं म्हणतात. काही ठरत नसलं की देवघरातल्या गणपतीसमोर दोन चिठ्ठ्या ठेवायच्या, दिवा लावायचा, हात जोडायचे आणि एक उचलायची. निघेल ते शेवटचं. बहिणीचं स्थळ असंच ठरलं, घर असंच घेतलं. आणि एक नियम – दुसरी चिठ्ठी उघडायची नाही. देवाने जे दिलं नाही त्यात डोकवायचं नाही. सुनंदाच्या माहेरी, खंडव्याला, असलं काही नव्हतं. पण लग्न करून आली आणि ही रीत तिने माझ्यापेक्षा मनापासून घेतली.

संकष्टी होती. तिचा उपास होता. चिठ्ठ्या लिहायच्या मी, कारण आमच्याकडे कर्ता पुरुष लिहितो. मी आतल्या खोलीत बसून लिहिल्या. एकीवर लिहिलं, 'लावू नये'. मग दुसरी घेतली, आणि –

– तिच्यावरही 'लावू नये' लिहिलं.

झालं. सांगून झालं. लिहिताना अडखळलो का? नाही. उलट अक्षर चांगलं आलं होतं. दोन्हींच्या घड्या सारख्या घातल्या, ताम्हनात ठेवल्या, वर अक्षता टाकल्या. दुसरी चिठ्ठी उघडायचा नियम असता तर मी हे केलं असतं का? कधीच नाही. म्हणजे लबाड तर लबाड, वर भित्राही.

सुनंदा खूप वेळ डोळे मिटून उभी राहिली. मग तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठी उचलली, वाचली आणि म्हणाली, "ठीक आहे." मला वाटलं होतं ती जरा वाद घालेल, निदान तोंड पाडेल. तिने चिठ्ठी डोळ्यांना लावली आणि साबुदाणा भिजला का ते बघायला गेली.

दुसरी चिठ्ठी मी निर्माल्यात घातली. पण निर्माल्य घरात पडून राहिलं आणि तिने ते चाळलं तर? म्हणून त्याच दिवशी ते घेऊन राम घाटावर गेलो. जन्मात कधी निर्माल्य न नेलेला माणूस मी. हातात पिशवी, चेहरा पडलेला. एक पंडित जवळ आला आणि हळूच म्हणाला, "किसका काम है, यजमान?" त्याला वाटलं, घरात कुणी गेलंय. मी 'कुणाचं नाही' म्हटलं आणि पटकन पायऱ्या चढून आलो. घरी आलो तर सुनंदा फोनवर माझ्या बहिणीला सांगत होती, यांना अलीकडे देवाधर्माची आवड लागलीय.

मग सात उन्हाळे गेले. गल्लीत एकेका दुकानाला काचेचं दार लागलं. गिऱ्हाइकं विचारायची, "एसी नहीं लगवाया, आंटी?" सुनंदा म्हणायची, आमच्या देवाने नको म्हटलंय. हसून सांगायची, अगदी सहज, आणि लोकांना ते पटायचंही. मी खाली बघून मुंडावळ्यांचे जोड लावत बसायचो. पहिल्या वर्षी वाटलं, जिंकलो. दुसऱ्या वर्षीपासून असं काही वाटलं नाही. पण दीड वाजला की मी उठून घरी जायचो – हेही सांगून टाकतो. लाज वाटत होती आणि झोपही लागत होती.

या मे महिन्यात, देवासच्या एका मुलीला नेसवताना, सुनंदाला चक्कर आली. काष्टा खोचता खोचता खाली बसली ती उठलीच नाही. त्या मुलीच्या आईने आणि गुप्ताजींनी पाणी मारलं. माझा फोन उशीखाली होता, आवाज बंद करून. चार वाजता मी दुकानात आलो तेव्हा ती साड्यांच्या घड्या घालत होती. गुप्ताजींनी बाहेर बोलावून सांगितलं. ते या वेळी थट्टा करत नव्हते. "भाईसाब, कितने फोन लगाए आपको," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी रक्तदाब तपासला आणि सांगितलं, यांना उन्हाळ्यात असं कोंडलेल्या जागेत बसवू नका. मी त्याच संध्याकाळी म्हटलं, एसी लावू. सुनंदा म्हणाली, "कौल झालाय ना." मी म्हटलं, परत लावू कौल. ती म्हणाली, "देवाला दोनदा विचारत नाहीत." आणि तुम्हाला काय सांगू – मी तोवर दोन्ही चिठ्ठ्यांवर 'लावावा' लिहून खिशात तयार ठेवल्या होत्या. म्हणजे सात वर्षांत काय शिकलो? तीच लबाडी, फक्त या वेळी उलट्या बाजूने. तिने चिठ्ठ्यांना हात लावायलाच नकार दिला, म्हणून लबाडी वाया गेली.

चार दिवस मी समजावलं. देव असं मनावर घेत नाही, म्हटलं. तब्येतीपुढे कौल कसला, म्हटलं. ती ऐकेना. पुन्हा दुपारी दुकानात बसायला लागली. त्या पडद्यामागे तिला काही झालं असतं तर? आता मार्ग एकच उरला होता.

सकाळच्या चहाच्या वेळी मी सांगितलं. तुम्हाला सांगितलं तेवढंसुद्धा नाही, दोन वाक्यांत. गुप्ताजींचं बोलणं मला लागलं होतं, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर मीच 'लावू नये' लिहिलं होतं. मला वाटलं, आता ती चिडेल, रडेल, खंडव्याला जाते म्हणेल. मी तयारीत होतो. उन्हाचा, घामाचा, त्या चकरेचा – सगळ्याचा जाब द्यायच्या तयारीत होतो.

तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "म्हणजे देवाने नाही म्हटलं नव्हतं?"

मी म्हटलं, "नव्हतं. मीच म्हटलं होतं."

"मला वाटायचं, माझं मागणंच त्याला आवडलं नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, तेव्हापासून मी स्वतःसाठी काही मागितलंच नाही. आपल्या लेकीसाठी मागितलं, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी मागितलं. स्वतःसाठी नाही. परत नाही म्हणाला तर काय करायचं, म्हणून.

याचा विचार मी कधीच केला नव्हता. सात वर्षं मी फक्त उकाड्याचा हिशेब करत होतो.

आणि तिचा चेहरा – कसं सांगू – एकदम मोकळा झाला. लग्नात होती तशी दिसली क्षणभर. डोळे पुसले, हसली, उठली. "तुमचं नंतर बघते," म्हणाली, आणि देवघरात गेली. दार लोटून घेतलं. बराच वेळ आत होती. मी बाहेर गार चहा घेऊन बसलो होतो, आणि मला बरं वाटत होतं. लपवत नाही, फार बरं वाटत होतं. तसं वाटायचा मला अधिकार नव्हता, तरी वाटत होतं.

एसी गुरुवारी लागला. कुठे लावायचा ते तिने दाखवलं. दुपारी दुकानात आता मी बसतो. बायका विचारतात, आंटी कधी येतील, आणि मी चार वाजता म्हणून सांगतो. माझं तिने अजून बघितलेलं नाही. बघेल तेव्हा बघेल. मी माफी मागितलेली नाही. मागितली की तिला 'असू दे' म्हणावं लागेल, आणि ती तसं म्हणेलच, हे मला माहीत आहे. तेवढं तरी मला तिच्याकडून घ्यायचं नाही.