पान्याला इचारू

आमच्या घरात नवी वस्तू आधी पाण्यात बुडायची, मग वापरात यायची. माझ्या माहेरची कळशी आमच्या ह्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी म्हशीच्या हौदात पालथी दाबून धरली आणि बुडबुडे येतात का बघत बसले. माझ्या आईला कळलं असतं तर तिनं मला परत नेलं असतं. "थांब, पान्याला इचारू," हे त्यांचं पालुपद. उंब्रजला घराला लागूनच त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लोक त्यांना बुडबुडे मिस्त्री म्हणायचे.

गाडी नीट झाली का, असं गिऱ्हाइकानं विचारलं की म्हणायचे, "बायकूला मागं बसवून आणतो, मग न्या." खरंच आणायचे. मी तव्यावरची भाकरी उतरवून जायची.

उसाच्या हंगामात गाडीच्या बैलांच्या खुरांना मारलेल्या लोखंडी पत्र्यांचे खिळे रस्त्याभर पडत. एकदा माझ्या माहेरी, मलकापूरला जाताना असाच खिळा घुसला. ट्यूब फाटली, हवा एकदम गेली आणि आम्ही दोघं खडीत. माझं मनगट मोडलं. मी सांगून टाकलं, तुमच्या गाडीवर पुन्हा बसणार नाही. मग मी एस.टी.नं जाऊ लागले. आमच्या दुकानासमोर बैलांना पत्र्या मारणारा नालबंद चाचा बसायचा. तो ओरडायचा, "ओ मिस्त्री, तुमची ग्यारंटी चालली बगा येष्टीनं!" गिऱ्हाइकं हसायची. ह्यांची मान खाली. पुढं गिऱ्हाइकंही कमी झाली.

ह्यांनी हट्ट धरला, चाकातून ट्यूबच काढायची. "ट्यूब फुग्यावानी फाटती गं. बिनट्यूबचं जाड टायर खिळा धरून ठिवतं." परदेशी टायर त्यांनी मुंबईहून मागवलं. पण तारांचं चाक ते, प्रत्येक तारेच्या भोकातून हवा जाणार. आधी सगळ्या तारा ताणून चाक सरळ केलं, कारण भोकं बुजवल्यावर तारेला हात लावता येत नाही. मग प्रत्येक भोकावर रबराचं सोल्यूशन आणि वरून रबराची पट्टी. हवा कमी झाली तर टायर निसटू नये म्हणून सांगलीच्या लेथवाल्याकडून रिमच्या आत कड आधीच उठवून आणली होती.

चाक हौदात गेलं. एका तारेपाशी वाटाण्याएवढा बुडबुडा आला. मी म्हटलं, "एवढ्याशानं काय हुतंय?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी सरळ चुलीकडं गेले. सगळं खरवडून पुन्हा केलं. म्हैस तहानलेली, तिकडं लक्ष नाही.

शेवटी एका बाजारच्या दिवशी भर रस्त्यात त्यांनी चाचाकडूनच खिळा मागून घेतला, पुढच्या टायरात ठोकला आणि म्हणाले, "बस."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "आवं, आदी पान्याला इचारा."

चाचा मोठ्यानं हसला. हे मात्र हसले नाहीत. चाक काढून खिळ्यासकट हौदात बुडवलं. मी पदर खोचून वाकून बघितलं. पाणी जागचं हललं नाही.

मी बसले. मलकापूरला जाऊन भावाच्या घरी चहा पिऊन आलो, खिळा तसाच टायरात. परतताना चाचासमोर मीच गाडी थांबवायला लावली. "चाचा, ग्यारंटी परत आली बगा!"

"व्हय गं बाई," तो म्हणाला, "आन माजा खिळा बी."

त्यानंतर मी एस.टी.त पाय ठेवला नाही. हे गेले, तेव्हा ठेवावा लागला.