म्हशीचा उपास

रेणापुरात आमच्या ख्रिस्ती घरांची एकच गल्ली. दर बुधवारी दुपारी माझ्या ओसरीवर बाया जमतात आणि मी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचते. शाळेत काही गेले नाही मी. किराण्याच्या पुड्यांचे कागद जुळवत जुळवत शिकले, म्हणून वाचते सावकाश. इतकी सावकाश, की ऐकता ऐकता बायांचे डोळे मिटतात आणि मलाही आपलं वाटतं, आपण पाण्याखाली बसून वाचतोय.

त्या बुधवारी माशाच्या पोटातून सुटलेला संदेष्टा निनवे नगरात शिरला होता. पश्चात्ताप करा, नाहीतर नगर उलथणार म्हणून ओरडत. राजा राखेत बसला. माणसांनी गोणपाट नेसलं, उपास धरला, गुराढोरांचंही चारापाणी बंद केलं. तिथवर आले आणि उन्हं कलली. बाया स्वयंपाकाला उठल्या. शेवटचा अध्याय राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी असं धुकं, की गल्ली ढगात तरंगत होती. त्यातून नुसतं म्हशीचं रेकणं येत होतं, लांबच्या कुठल्या नगरातून यावं तसं. माग काढत गेले तर माझ्या धाकट्या जावेचा गोठा. म्हशीच्या पाठीवर पोतं, पुढ्यात काडी नाही, आणि जाऊ भुईवर बसलेली.

"हे काय करून राहिलीस गं?"

"उपास हाय आक्का. माझा बी, हिचा बी. पोरगं घरी येईल."

तिचा लेक नांदेडला असतो. जमातीबाहेरची बायको केली त्यानं. तिला घेऊन आला, तेव्हा जावेनं सुनेला दारातूनच माघारी लावलं. तेव्हापासून तो फिरकलेला नाही.

"म्हशीनं काय पाप केलं?"

"निनवेच्या ढोरांनी काय केलं व्हतं? तूच वाचलंस की!"

हसू आलेलं, पण तिचा चेहरा बघून गिळलं. घरून शास्त्र आणलं आणि राहिलेला अध्याय तिथंच वाचला. देवानं नगर उलथवलं नाही म्हणून संदेष्टा रुसून बसला. देव त्याला म्हणाला, एवढी माणसं, एवढी गुरंढोरं, त्यांची मला दया येऊ नये का?

"ढोरांची बी?"

"हाव, ढोरांची बी."

ती उठली, पोतं ओढून काढलं, कडब्याची पेंढी सोडली. मग पाठमोरीच म्हणाली, "आन् तो रुसलेला? उठला का न्हाई?"

"ते लिहिलं न्हाई गं."

तिनं पदराला हात पुसले. मग फोन माझ्या हातात दिला. "लाव."

मी तिच्या लेकाचा नंबर लावून स्पीकर चालू केला. सुनेनं उचलला.

"पोरी, तुला दारातून माघारी लावलं, ते माझं लई चुकलं."

पलीकडं रस्त्यावरच्या ऑटोंचे आवाज.

"भाकर खाल्ली का आत्या?"

"न्हाई. उपास हाय."

"मग आधी खावा. मी हाय फोनवर."

जावेनं घरात येऊन फोन पिठाच्या डब्यावर चालूच ठेवला आणि रात्रीची भाकर मोडली.  नांदेडचे ऑटो तेवढे आमच्या धुक्यातून जात राहिले.