जागं करणाऱ्या जुबेदाआपा

लस घेतल्यावर ताप आला असं कुणी सांगितलं, की जुबेदाआपा आधी "मुबारक!" म्हणायच्या आणि मग गोळी द्यायच्या. अशी नर्स मी दुसरी पाहिली नाही. मूळच्या रत्नागिरीच्या, इथे आखातात फरीज बिन ओमरान भागातल्या एका दवाखान्यात लस टोचायच्या आणि अल सद्दला आमच्या शेजारी राहायच्या. लिफ्टमध्ये बोलल्या तरी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. आता त्या गावी परतल्यात आणि आमचा मजला कसा सुनासुना झालाय.

माझे सासरे, आप्पा, साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांच्या थोरल्या भावाला नागीण झाली होती; अंगाला सदरासुद्धा सोसायचा नाही. आप्पांनी त्याची धास्तीच घेतलेली. म्हणून नागिणीच्या लशीचा पहिला डोस त्यांनी आपांकडून हौसेने घेतला. संध्याकाळी अंगात ताप, दंड हा एवढा सुजलेला!

"औषध नासकं हुतं. आता दुसरी सुई न्हाय म्हंजे न्हाय!"

दुसऱ्या डोसाची वेळ आली, परतीचं तिकीटही झालं, तरी आप्पा ढिम्म. मला तर रडू यायचंच बाकी होतं.

शेवटी शुक्रवारी आपा सांदणांचा डबा घेऊन घरात शिरल्या. "नासकं? अहो आप्पा, एका कुपीत पूड असते, ती रोगाचा चोर दाखवते; दुसरीत पातळ औषध. त्या पातळ औषधाचं कामच उठवायचं! उतारवयात अंगातला पहारेकरी पेंगतो. त्याला नुसता चोर दाखवून काय उपयोग? आधी गदागदा हलवायला नको?"

"मग त्याला हलवा की. माझा हात कशापायी?"

"तो तिथंच झोपलाय ना!"

आप्पांना हसता हसता ठसका लागला. तरी हट्ट होताच. "पुन्यांदा ताप आला तर?"

आपांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "येईलही. नाही आला तरी औषध काम करतंच. खोटं नाही सांगणार, एखाददोन दिवस कण्हाल. पण भावाचं दुखणं तुम्ही पाहिलंय. तुम्हीच ठरवा." आणि सांदणांचा डबा उघडून पुढे सरकवला.

आप्पा बराच वेळ दंड चोळत राहिले. मग म्हणाले, "उद्या किती वाजता येऊ?"

आप्पा निघाले तेव्हा आपा विमानतळावर आल्या होत्या. व्हीलचेअरच्या रांगेत आप्पा शेजारच्या आजोबांना सांगत होते, "हात दुखंल, ताप बी येईल. भ्यायचं न्हाय. म्हाताऱ्या अंगाला उठवाय लागतंय."

मी आपांकडे पाहिलं. कुणाचंही वाक्य पुरं होऊ न देणारी ती बाई ओढणीचं टोक तोंडाशी धरून, भरल्या डोळ्यांनी नुसती ऐकत होती.