बाहेरच्या बाजूची सायकल

वलगावहून निघालो तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. माझे साडू विनोदराव अकोल्याहून आम्हाला न्यायला आले ते नवी पांढरी गाडी घेऊन. तिच्या मागच्या चौकोनी नळीत खोचलेला सायकलींचा रॅक. अख्खी आळी पाहायला जमली. महिनाभर माझ्या घरी पाहुणचार घेणाऱ्या सासूबाई त्या रॅकवरून हात फिरवत म्हणाल्या, जावई असावा तर असा.

बेत साधा होता. अकोल्याला मुक्काम, सकाळी आम्ही दोघांनी काटेपूर्णेच्या धरणापर्यंत सायकल मारायची, संध्याकाळी सगळ्यांनी परत. विनोदरावांनी माझी जुनी सायकल आत, गाडीला लागून बांधली आणि आपली लालभडक बाहेर. म्हटलं, बरोबर आहे, मागच्या ट्रकवाल्यांनाही श्रीमंती दिसली पाहिजे ना!

बडनेरा सोडलं आणि मागून खडखड सुरू झाली. वळून पाहतो तर रॅक डुलतोय, लाल सायकल पार झोके घेतेय. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दोन्हीकडे काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, तुरीचा पिवळा फुलोरा. एकाएकी सगळं फार सुंदर दिसायला लागलं.

विनोदरावांनी गाडी थांबवून पट्टे करकचून आवळले. हलणं थांबेना. थांबणार कसं? रॅकचा दांडाच नळीत सैल होता. आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं हेच दुखणं मी दर हंगामाला दूर करतो. पण तोंड उघडलं नाही. होऊ दे जरा फजिती.

मूर्तिजापूरला आलूबोंडा आणि तर्री (वर लाल तेल तरंगणारा झणझणीत रस्सा) खायला थांबलो. टपरीवरच्या प्रत्येकाने रॅक हलवून पाहिला आणि प्रत्येकाने वेगळा सल्ला दिला. सासूबाई म्हणाल्या, लाल सायकल तरी आत घ्या, महागाची आहे.

"नाही आई," विनोदराव माझ्याकडे बोट करत म्हणाले. "भाऊची सायकल त्यायच्या बाबाची आहे. पडली तं माही पडन."

गाडी याची, रॅक याचा, वरून मनही याचंच मोठं? हे फारच झालं. उठलो. समोरच्या ट्रॅक्टर गॅरेजातून यू-बोल्ट आणि पत्र्याची पट्टी आणली. पट्टी फटीत ठोकली, दांडा आणि नळी बोल्टने एकत्र आवळली. रॅक गच्च बसला. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, विनोदरावांचा चांगुलपणा पाहून यांनाही सुचलं बघा.

दुसऱ्या दिवशी धरण पाहिलं. पाणी तुडुंब होतं, काठावर बगळे होते, पण माझं चित्त परतीवर. निघताना मीच पुढे झालो. त्यांची लाल सायकल आत बांधली, बाबांची बाहेर. विनोदराव नको नको म्हणत राहिले, मी ऐकलं नाही. आता मोठं मन माझं. वाटभर रॅक तसूभरही हलला नाही.

वलगावला पोचलो. आळी पुन्हा जमलीच होती. सासूबाईंनी बाहेरच्या सायकलीकडे बोट दाखवत शेजारणीला सांगितलं, "आमच्या या जावयाले लोकायले दाखवाची लय हौस."

जाताना मी विनोदरावांबद्दल हेच म्हटलं होतं, फक्त मनात. गुमान सायकल उतरवली. बोल्ट काढून घ्यावा असं क्षणभर वाटलं, पान्हासुद्धा हातात होता. मग तो आणखी थोडा आवळला आणि त्यांना म्हटलं, राहू द्या तुमच्याच गाडीला.