समुद्राकडे पाठ केलेलं घर

पहाटे साडेपाचला पद्माक्का हातात चांदीकामाची लहानशी हातोडी घेऊन व्हरांड्यातून निघायच्या आणि प्रत्येक खोलीच्या दारावर तीन टोले मारायच्या. मग सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "उठा पावणं, समुद्र उठलाय." दार उघडलं नाही तर दुसरी फेरी खिडकीवर. तेवढ्यानंही पावणं उठले नाहीत, तर त्या दाराबाहेर उभ्या राहून त्यांच्या तब्येतीबद्दल मोठ्यानं काळजी करायच्या. रजा काढून झोपायला आलेली भलीभली माणसं मुकाट्यानं डोळे चोळत बाहेर यायची. त्यांत एक मीही होतो. माझी मंडळी म्हणते, लग्नाला तीस वर्षं झाली, मला जे जमलं नाही ते आक्कांनी तीन टोल्यांत केलं.

आक्का मूळच्या हुपरीच्या. नवरा गेल्यावर मुलाबरोबर, सुकुमारबरोबर, कोल्हापुरात आमच्या गल्लीत राहायला आल्या. घरचा धंदा चांदीच्या पैंजणांचा. दिवाणखान्यात खिडकीखाली गोधडीच्या तुकड्याचं एक बस्कर अंथरलेलं असायचं आणि त्यावर आक्का पाय दुमडून कड्या जोडत बसलेल्या. सकाळी बसायच्या त्या जेवणापुरत्या उठायच्या. चाळीस वर्षं हेच. शेवटी शेवटी तर उठताना एक हात भिंतीला आणि एक सुनेच्या खांद्याला लावावा लागे. कुणी गुडघ्यांची चौकशी केली की म्हणायच्या, "साऱ्या जिल्ह्याच्या बायकांच्या पायात घातलं बघा मी. माझं पाय तेवढं ऱ्हायलं."

नवऱ्यानं हौसेनं देवगडजवळच्या एका वाडीत, किनाऱ्याला लागून, एक लहान तुकडा घेऊन ठेवला होता. तो असल्याचं घरात सगळे विसरून गेले होते, आक्का सोडून. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की तिथं चार खोल्यांचं घर बांधणार, पावणं ठेवणार आणि रोज समुद्रावर चालणार. सुकुमार भला माणूस, पण बापाची हौस आईत उतरलेली पाहून घाबरला. बरीच वादावादी होऊन शेवटी ठरलं ते असं: एक हिवाळा. दिवाळीला सुरू करायचं. शिमग्यापर्यंत माणसं येती झाली तर ठीक, नाहीतर घर विकायचं आणि आक्कांनी गुमान कोल्हापूरला परत यायचं. आक्कांनी शब्द दिला. त्या शब्द मोडणाऱ्यातल्या नव्हत्या आणि मला भीती वाटत होती ती त्याचीच.

मी पेंटर. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळे आक्कांच्या घराची पाटी माझ्याशिवाय कोण करणार? मी विचारलं, "आक्का, समुद्र दिसतो ना?" त्या म्हणाल्या, "दिसतोय की, ढीगभर." मग मी मन लावून काम केलं. निळ्यावर पांढरी अक्षरं, खाली तीन लाटा, एक होडी, वर 'सागरदर्शन' आणि त्याखाली माझ्या पदरचं एक वाक्य: 'प्रत्येक खोलीतून समुद्र'. पाटी एवढी देखणी झाली की मी तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतला.

डिसेंबरात आम्ही नवरा-बायको पहिल्यांदा तिथं गेलो. गगनबावड्यापर्यंत दोघांनी स्वेटर घातले होते, घाट उतरल्यावर काढले. घर पाहिलं आणि मी गार पडलो. आक्कांनी गवंडी नेला होता हुपरीचा. त्यानं हुपरीचंच घर उचलून तिथं ठेवलं होतं. दार पूर्वेला, कारण दार पूर्वेलाच असतं. सगळ्या खिडक्याही पूर्वेला. आणि पश्चिमेला, जिथं अख्खा अरबी समुद्र पसरलेला होता, तिथं एक मागचं दार सोडलं तर जांभ्या दगडाची जाड, सलग भिंत. गवंड्याचं म्हणणं, पाऊस पश्चिमेचा, वारा पश्चिमेचा, दुपारचं ऊन पश्चिमेचं. तिकडं खिडकी ठेवायला आम्ही काय येडे हाय? समुद्राचं काय, असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. बांधकाम चालू असताना आक्का किनाऱ्यावर चालत होत्या.

खोल्यांतून दिसत होता तो डोंगर. म्हणजे आपण ज्या कोल्हापुराहून आलो तीच दिशा. समुद्र दिसायची जागा घरात एकच, मागच्या दाराची मोरी. तिथं भांडी घासायच्या दगडावर बसलं की मात्र काय देखावा होता! त्यामुळे संध्याकाळी सगळे पावणं कपबशा घेऊन मोरीत दाटीवाटीनं बसायचे, आणि बसलाच हाय तर तेवढ्या बश्या विसळा, म्हणून आक्का राखेची वाटी पुढं सरकवायच्या.

त्यात जेवणाची तऱ्हा. आक्का जैन, दिवस मावळल्यावर चूल बंद. पावण्यांनाही तोच नियम. संध्याकाळी साडेपाचला पानं वाढली जायची. गरम भाकरी, झुणका, वांग्याचं भरीत, वर तूप. मासे नाहीत. कोकणात जाऊन मासे नाहीत, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगणं म्हणजे पैलवानाला आखाड्याबाहेर उभं करण्यासारखं. ज्यांना राहवत नसे ते दुपारी शेजारच्या कोळ्याच्या घरी जेवून यायचे. आक्का त्यांना अडवत नसत, फक्त परत आल्यावर काय खाल्लं ते सांगायचं नाही, एवढीच अट. मला पहिल्या दिवशी आठ वाजताच भूक लागली. मी न्हाणीघरात जाऊन पिशवीतला चिवडा खाल्ला. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. सकाळी आक्का म्हणाल्या, "पेंटर, पाणी जपून वापरा. आणि चिवड्यात शेंगदाणं जरा कमी हायत तुमच्या."

आक्कांचं चालणं मात्र बघण्यासारखं होतं. पदर खोचलेला, चपला हातात, पुढं वाकून भराभर. मागून आमची वरात. पहाटेचा गारवा, ओल्या वाळूवर लहान खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांच्या रांगोळ्या, थंडीपुरते आलेले पांढरे कुरव पक्षी ओळीनं बसलेले. आक्का रांगोळीपाशी थांबून म्हणायच्या, "हे बगा, ही डिझाइन मी केलती. ह्यो खेकडा चोर हाय." कुणी दमून मागं राहिलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "बसायचं काम खुर्चीला ठेवलंय, तुम्ही चला."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला बुडवलं असतं. खाडीचं तोंड घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडून आम्ही पलीकडच्या कड्यापर्यंत गेलो, गप्पा मारल्या, परत येतो तर मधे छातीएवढं पाणी. भरती कधी येते हे हुपरीत कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी शेजारच्या कोळ्यानं होडी आणली. होडीत ताजे बांगडे पसरलेले. आक्का पाय वर घेऊन, डोळे घट्ट मिटून णमोकार मंत्र म्हणत बसल्या. मी मात्र डोळे उघडे ठेवून बांगड्यांकडे पाहत होतो. उतरल्यावर कोळीणबाईंनी त्यांना समजावलं की पाणी तिथीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला पाणी मवाळ. आक्कांचा चेहरा उजळला. अष्टमी आणि चतुर्दशी पाळण्यात जन्म गेलेला, तिथी त्यांना झोपेत विचारली तरी सांगतील. त्या दिवसापासून भरती-ओहोटी त्यांची पाठ झाली. "अष्टमीला समुद्राचाबी उपास असतोय," असं त्या नव्या पावण्यांना ठासून सांगायच्या.

हे सगळं आम्हाला मजेचं वाटे, पण पाटी वाचून येणारी माणसं मजा करायला तयार नव्हती. खोलीत शिरायची, खिडकी उघडायची, डोंगर दिसायचा, आणि भांडण सुरू. एक कुटुंब तर तासाभरात सामान घेऊन गेलं. जाताना त्यातले गृहस्थ पाटीसमोर उभे राहून मला शिव्या देत होते. मी शेजारीच उभा होतो, पण पेंटर मीच हे सांगायचं धैर्य झालं नाही. मी आक्कांना म्हटलं, भिंत फोडून दोन खिडक्या काढू. त्या म्हणाल्या, "खिडकी काढली की माणूस बसून बघील. बसून बघण्यात जलम गेला माझा. समुद्र पायानं बघायचा असतोय." जानेवारीत माणसं कमी झाली, फेब्रुवारीत आणखी. जे चालायला जायचे ते पुन्हा राहायला यायचे, पण असे थोडे. शिमगा आठवड्यावर आला तेव्हा चारपैकी तीन खोल्या रिकाम्या होत्या.

सुकुमारनं टेम्पो ठरवला. घरचं सामान आणायला मोठा टेम्पो, आणि पाटी उतरवायला मी. ज्यानं लावली त्यानंच काढावी म्हणे. पाना-पक्कड पिशवीत टाकून मी पुढं ड्रायव्हरजवळ त्याच्याशेजारी बसलो. वाटेत तो एकदाच म्हणाला, "काका, आईचं गुडघं तिकडं कोण बघणार?" त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. आईला परत आणण्यात त्याला काही आनंद नव्हता, त्याला फक्त भीती वाटत होती.

आम्ही संध्याकाळी पोहोचलो, भाकरी खाल्ली. आक्कांनी सामान बांधून ठेवलं होतं. पातेली, गाद्या, हातोडी, सगळं. कोपऱ्यात ते बस्कर गुंडाळून ठेवलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "शब्द दिलाय. सकाळी निघू." त्यांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी साडेपाचला दारावर तीन टोले पडले. बांधलेल्या सामानातून त्यांनी हातोडी सोडून काढली होती. शेवटचं एकदा चालून येऊ म्हणाल्या. सुकुमार बूट घालून आला. आक्कांनी त्याच्या बुटांकडे फक्त पाहिलं; त्यानं ते काढले.

शिमग्याच्या आदल्या दिवसाची चतुर्दशी होती, ओहोटीनं पाणी लांब गेलेलं. आक्का पुढं, सुकुमार मागं, मी त्याच्या मागं. सुकुमार चाळिशीचा, पण त्याचंही आयुष्य बसूनच चाललेलं. पहिल्या वळणापर्यंत तो आईच्या बरोबरीनं होता, दुसऱ्या वळणाला वीस पावलं मागं पडला, आणि खडकांपाशी कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. आक्का खडकावर चढून गेल्या होत्या. एका कुरवानं शिंपला टाकला तो बघायला त्या वाकल्या, उकिडव्या बसल्या आणि उठल्या. भिंत नव्हती, खांदा नव्हता. नुसत्या उठल्या, जशी एखादी पोर उठते.

सुकुमारनं ते पाहिलं. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्यानं हाक मारली, "आई, गुडघं?"

"हायत की," आक्का वरून ओरडल्या. "मी चालतोय म्हणून ती गप्प बसल्यात. तू का थांबलास?"

सुकुमार खाली वाळूत बसला आणि हसायला लागला. इतका की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मलाही हसू आवरेना. आक्का वरून विचारत होत्या, काय झालं, कुणी पडलं का. त्यामुळे आम्ही आणखीच हसलो.

परत आल्यावर मी पाना काढून पाटीखाली उभा राहिलो. सुकुमार म्हणाला, "काढू नका, काका. पुसा." मग त्यानं स्वतः सांगितलं आणि मी लिहिलं. नाव तेच, लाटा त्याच, होडी तीच. माझं वाक्य मात्र गेलं आणि तिथं आलं: 'खोलीतून समुद्र दिसत नाही. आक्का चालत नेतील. जेवण दिवस मावळायच्या आत.' मी म्हटलं, अरे, ही पाटी वाचून कोण येणार? तो म्हणाला, "ज्याला चालायचंय त्यो येईल. बाकीच्यांशी भांडायचं तरी वाचंल." शिमग्याच्या वायद्याचं काय, असं आक्कांनी दबकत विचारलं. शब्दाच्या पक्क्या त्या. सुकुमार म्हणाला, शिमगा दर वर्षी येतो, कुठला ते आपण कुठं बोललो होतो.

आक्कांनी सगळं सामान सोडलं. गाद्या खोल्यांत गेल्या, पातेली चुलीवर. मग त्या बस्कर घेऊन बाहेर आल्या, झटकलं आणि टेम्पोत ठेवलं. "हे तेवढं न्या," म्हणाल्या. "मला लागत न्हाई."

एवढा मोठा टेम्पो आणि त्यात एवढंसं बस्कर. घाटातल्या प्रत्येक वळणावर ते या टोकाहून त्या टोकाला घसरत होतं आणि सुकुमार आरशातून त्याच्याकडे बघत होता. गगनबावडा आला, तसा त्यानं ड्रायव्हरला टेम्पो बाजूला घ्यायला सांगितला.

"काका, उतरा," तो म्हणाला. "जरा चालूया."

ऊन वर आलं होतं, रस्ता डांबरी होता आणि समुद्र कधीच मागं पडला होता. मी खाली उतरलो आणि खुळ्यासारख्या चपला काढून हातात घेतल्या.