अंगणाचा हिरवा पडदा

सदर बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या एका बारमध्ये आमचे हे वेटर आहेत. बारला हॉल आहे, आणि बाहेर रस्त्याला लागून उघडं अंगण. आबकारीचे साहेब येऊन सांगून गेले होते की अंगणात दारू द्यायची तर ते चारही बाजूंनी झाका. रस्त्यावरून बाटली, ग्लास काही दिसता कामा नये, नाही तर अंगण बंद. हॉलला दोन वेटर पुरतात. हे तिसरे, वयानं मोठे आणि गुडघा दुखणारे. अंगण बंद झालं तर घरी कोण बसणार, हे कोणाला विचारायला नको होतं.

मी तात्यापारा मोहल्ल्यात घरी शिवणकाम करते. मालकानं यांच्याजवळच कापड पाठवलं, जाड आणि हिरवं. आमच्या खोलीत ते मावेना, म्हणून ओसरीवर पसरलं. शेजारीण म्हणाली, "कोणाचा मांडव शिवून राहिली वो? पोट्टीचं जमवलं का?" मी नुसती हसले. बारचं काम आहे हे तोंडातून निघेना.

अंगण रोज पाण्यानं धुतात, म्हणून मालकानं पडदा खालून वीतभर वर ठेवायला सांगितला होता. तसाच शिवला. साहेब बघायला येणार त्या दिवशी माझं घरात मन लागेना. दुपारी पडदा कसा बसला ते बघायला गेले आणि समोरच्या बांगड्यांच्या दुकानापाशी उभी राहिले.

पडदा सरळ पडला होता. पण अंगण उंचावर आणि रस्ता खाली. त्या वीतभर फटीतून खुर्च्यांचे पाय दिसत होते, आणि जवळपास प्रत्येक पायाशी एक बाटली. पडदा नव्हता तेव्हा रस्त्यावरून दिसू नये म्हणून मालकानंच सगळ्यांना बाटली खाली ठेवायची सवय लावली होती. पडदा आला तरी हात खालीच जात होते. आता अख्ख्या बारमधलं रस्त्यावरून काही दिसत असेल तर त्या बाटल्याच.

आत जाऊन सांगायचं कसं? त्या फाटकातून कधी कोणी बाई आत गेलेली मी बघितली नव्हती. फोन लावला तर यांनी उचलला नाही, कामावर असले की खिशात बंद असतो. तेवढ्यात फटीतून यांचे बूट दिसले, डावा पाय जरा ओढत चाललेले. मी रस्ता ओलांडला, वाकले, फटीतून हात घातला आणि पँट ओढली.

"अहो!"

हे दचकले. ट्रेमधले ग्लास वाजले. आतून कोणीतरी हसलं, "भैया, भाभीने छापा मार दिया!"

"तू? इथं काहून आली?" पडद्यापलीकडून यांचा दबका आवाज.

"बाटल्या दिसून राहिल्या. खालून. सगळ्या."

यांनी वाकून बघितलं असावं. "अरे देवा," म्हणाले.

मालक बाहेर आला, रस्त्यावर उकिडवा बसून त्यानं स्वतः बघितलं. बाटल्या वर ठेवायला सांगितल्या, तरी सवयीचे हात पुन्हा खालीच जाणार होते. "भाभी, नीचे पट्टी लग जाएगी क्या? अभी?"

उरलेलं कापड आणि सुईदोरा यांनी लंगडत घाईघाईनं घरून आणला. मी रस्त्यावर पोतं टाकून हातानंच पट्टी जोडायला बसले. जाणारे-येणारे वळून बघत होते. मी पदर पुढे ओढला आणि मान वर केली नाही. हे आतून सारखे विचारत होते, "किती राहिलं?"

"फाटकाजवळचं."

तेवढ्यात साहेबांची जीप आली. टाके घालायला वेळच नव्हता. मी होते तशी सरकून उघड्या भागाला पाठ लावून बसले आणि पदर खाली सोडला. साहेब पडद्याच्या कडेनं चालत आले. त्यांचे काळे बूट माझ्यासमोर थांबले.

"ये कौन?"

"सिलाईवाली है साहब," मालक म्हणाला.

पाठीमागे कोणाची तरी बाटली लादीवर टेकल्याचा आवाज झाला. मला वाटलं, संपलं. मी सुई कापडात घातली आणि दोरा ओढला, तो गाठीशिवायच होता, सगळा बाहेर आला. पुन्हा घातली.

"ठीक है," साहेब म्हणाले. "चलने दो आँगन। पर मैं फिर आऊँगा, बिना बताए।"

जीप वळली तरी मी उठले नाही. हे बाहेर आले. "गेले. ऊठ आता, घरी जा."

"थांबा," मी म्हटलं, "एवढं पक्कं करू द्या." यांनी माझ्या हातातून सुई घेतली आणि नवा दोरा ओवून दिला.